डीएसएलआरचा स्क्रीन चालू केला की फोकस का रेंगाळतो? ‘लाइव्ह व्ह्यू’ म्हणजे नेमकं काय?

मोबाइलवर फोटो काढायची सवय असलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा डीएसएलआर आला की तो हमखास मागचा स्क्रीन चालू करतो आणि दोन्ही हात पुढे ताणून फोटो काढतो. लेन्स पुढे-मागे फिरत राहते, फोकस लागेपर्यंत समोरचं मूल पळून गेलेलं असतं आणि जो फोटो येतो तोही हललेला. ‘यापेक्षा मोबाइल बरा’ म्हणून कॅमेरा पुन्हा कपाटात जातो. बऱ्याचदा कॅमेऱ्यात बिघाड काहीच नसतो.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर वळवतो, म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की समोरचं दृश्य दिसतं. थोडा प्रकाश फोकससाठीच्या वेगळ्या सेन्सरकडेही जातो. मुख्य सेन्सर तोवर अंधारातच असतो. लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि मुख्य सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर येतं.

साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत ही सोय आधीपासून होती. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० च्या पाठीवर स्क्रीन होताच. डीएसएलआरमध्ये मात्र आरशाची अडचण होती. स्क्रीनवर सतत पाहून नेहमीसारखे फोटो काढता येतील असा डीएसएलआर, ऑलिंपस ई-३३०, आला तो २००६ मध्ये.

आता फोकसचं. आरसा वर गेला की फोकसच्या त्या वेगळ्या सेन्सरपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. तो सेन्सर लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची, हे लगेच सांगतो. तो नसला की कॅमेरा लेन्स थोडी थोडी फिरवून चित्र सर्वांत ठळक कुठे दिसतं ते शोधतो. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा जरा पुढे जायचा, मग मागे आणावा लागायचा, तसंच. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी मध्ये ‘ड्युअल पिक्सेल’ तंत्र आलं. त्यात मुख्य सेन्सरच दिशा ओळखतो, त्यामुळे फरक बराच कमी झाला. सेकंडहँड डीएसएलआर घेताना दुकानातच लाइव्ह व्ह्यू लावून फोकस तपासावा, तो यासाठी.

बॅटरीवरही ताण येतो. कॅननच्या ८०डी साठी कंपनीनेच दिलेला अंदाज व्ह्यूफाइंडरवर सुमारे ९६० फोटोंचा, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये सुमारे ३०० फोटोंचा आहे. शिवाय भर उन्हात स्क्रीनवर धड काही दिसत नाही. क्रिकेटची मॅच किंवा धावणारी मुलं टिपायची असतील तर डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावलेला बरा.

मग लाइव्ह व्ह्यू कशासाठी? ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तर त्याच्यासारखी सोय नाही. रात्रीच्या आकाशात ऑटोफोकस अनेकदा हार मानतो. तेव्हा लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकावी, एखादा ठळक तारा स्क्रीनवर १० पट मोठा करावा आणि तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवावी. फुलावरचा किडा किंवा ताटातला पदार्थ जवळून टिपतानाही हीच युक्ती. अनेक कॅमेऱ्यांत फोटो किती उजळ येणार, हेही आधीच दिसतं. व्ह्यूफाइंडरमधून ते कळत नाही. (फ्लॅश वापरणार असाल तर या अंदाजावर विसंबू नका.) फक्त तासन्‌तास स्क्रीन चालू ठेवू नये. सेन्सर तापला की फोटोत दाणे वाढतात आणि काही कॅमेरे तर लाइव्ह व्ह्यू आपोआप बंदच करतात.

विसर्जन मिरवणुकीत डोक्यांच्या भिंतीपलीकडची मूर्ती टिपायची असेल तर कॅमेरा वर धरून फिरता स्क्रीन खाली वळवणं हाच उपाय. छातीच्या उंचीवर धरत असाल, तर पट्टा गळ्यात घालून कॅमेरा तो ताणला जाईपर्यंत पुढे ढकलावा. हात बराच स्थिर राहतो.