झाशीत उतरलेलं विमान

झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते. आज आपण त्याच झाशीत १९३० साली अचानक उतरलेल्या एका विमानाची, आणि ते एकटीने चालवणाऱ्या बाईची गोष्ट ऐकू या.

तिचं नाव एमी जॉन्सन. इंग्लंडमधल्या हल गावच्या मासळीच्या व्यापाऱ्याची ही मुलगी. लंडनला वकिलाच्या कचेरीत टायपिंगचं काम करायची आणि उरलेल्या वेळात विमान शिकायची. नुसतं उडवायला नव्हे, तर हात काळे करून इंजिन खोलायला आणि जोडायलाही. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळवला आणि विमान दुरुस्तीचाही. दुरुस्तीचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई.

५ मे १९३० ला ती ऑस्ट्रेलियाला निघाली. वय २६. विमान जुनं, दुसऱ्यांनी वापरलेलं. लाकडी सांगाडा, पंखांवर ताणलेलं कापड, बसायची जागा उघडी आणि इंजिन एकच.

आता एकच इंजिन बंद पडलं तर? आपल्याला वाटतं, विमान दगडासारखं खाली येईल. तसं होत नाही. नाक थोडं खाली ठेवून वेग राखला, तर घार पंख न हलवता तरंगते तसं विमान तरंगत उतरतं. पण वेळ थोडा असतो. तेवढ्यात सपाट जागा हेरायची, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि उतरायचं.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने एमीला वाळवंटातच उतरवलं. तिने चाकांना सामानाची ओट लावली, इंजिन कापडाने झाकलं आणि वादळ सरेपर्यंत विमान धरून ठेवलं. कराचीला पोचली तेव्हा आधीच्या विक्रमापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. तिथून अलाहाबादला जाताना पेट्रोल पुरेना. म्हणून झाशीला लष्कराच्या मैदानावर उतरली. उतरताना पंख मोडला. तो तिथल्या सुताराने जोडून दिला.

पुढे ब्रह्मदेशात, रंगूनजवळ इनसीनला विमान खड्ड्यात गेलं. पंख फाटला, पंखा मोडला. दुसरा पंखा तिने लंडनहूनच विमानाला बांधून आणला होता. पण कापडाचं काय? पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे शर्ट तिथे कुणी शिवले होते. ते उसवून पंखाला ठिगळ लावलं!

या खोळंब्यात विक्रम हुकला. तरी २४ मे रोजी, सुमारे १८,००० किलोमीटर कापून, ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली बाई ठरली. १९४१ मध्ये, युद्धकाळात विमान पोचवताना टेम्स नदीच्या मुखाशी तिचा मृत्यू झाला.

एमीच्या नावाबरोबर आम्हाला तो सुतार आणि शर्ट शिवणारे हातही आठवतात. त्यांची नावं इतिहासाने ठेवली नाहीत, पण त्यांच्यावाचून विमान पुढे गेलं नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटाकडे शिलाई मशीन आहे, पिठाची गिरणी आहे, पंप आहे. चालवायला आपण शिकलो. बंद पडलं की मात्र तालुक्याच्या मेकॅनिकची वाट बघत बसतो. येत्या बैठकीत एवढंच ठरवू या: आपल्यातली कोण ते खोलायला शिकणार?