१ एप्रिल १९५७ : दशमान नाणी चलनात
भारतात या दिवशी रुपयाचे १०० नवे पैसे झाले; त्याआधी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होत. सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनपासून मुंबईपर्यंत साऱ्यांनाच आण्याचा हिशेब ६.२५ नव्या पैशांत करावा लागला. या अपूर्णांकात गरीबच नागवला जाईल, ही शंका रास्त होती. पण चार आण्यांचे बरोबर २५ आणि आठ आण्यांचे ५० नवे पैसे होत. शिवाय जुनी नाणी काही काळ सोबत चालू राहिली. ब्राझीलनेही १ जुलै १९९४ रोजी ‘रेआल’ हे नवे चलन आणण्यापूर्वी चार महिने व्यवहारांच्या किमती एका हिशेबी एककात मांडायला सुरुवात केली होती. कायद्याने चलन येते. ते रुजायला लोकांना हिशेब शिकण्याची सवड द्यावीच लागते.