बल्लारपूरचीं घरें

एखाद्या गांवचा इतिहास तेथील किल्ल्यावरून वाचावा कीं राहत्या घरांवरून? बल्लारपुरीं वर्धा नदीच्या पूर्व तीरावर गोंड राजांचा किल्ला अद्याप उभा आहे. परंतु त्याच्या आश्रयानें नांदलेल्या रयतेच्या घरांचा मागमूसहि उरलेला नाहीं.

परंपरेप्रमाणें खांडक्या बल्लाळशहाच्या कारकीर्दींत गोंडांची राजधानी येथून नव्या चंद्रपुरास गेली. किल्ला दगडाचा, म्हणून राहिला. या जंगलपट्टींतील सामान्य घर म्हणजे लांकडी खांब, बांबूचे कूड, त्यांवर मातीचा गिलावा आणि वर गवत किंवा कौलें. असें घर दरसाल शाकारावें लागे. धनी उठून गेला कीं थोड्याच पावसाळ्यांत मातीची माती होई. दरबारामागून त्याच्यावर पोट भरणारे लोकहि गेले आणि राजधानीचें खेडें झालें. पुढें १७५१ त नागपूरकर भोसल्यांनीं चांद्याचें राज्य घेतलें, आणि अखेरचा गोंड राजा नीलकंठशहा याला पूर्वजांच्या याच किल्ल्यांत बंदी होऊन राहावें लागलें.

वस्ती पुन्हा वाढली ती विसाव्या शतकांत. प्रथम दगडी कोळशाची खाण निघाली. १९२९ त काझीपेठेकडील लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास यांच्या वाटेवर बल्लारशहा हें मोठें स्थानक झालें. १९४५ त कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. जो बांबू पूर्वीं घराच्या कुडाला लागे, तोच आतां कागदाच्या लगद्यासाठीं येऊं लागला. मराठी, तेलुगु, हिंदी बोलणारीं कुटुंबें चाळींत व क्वार्टरांत शेजारीं राहूं लागलीं.

पण क्वार्टर पगाराबरोबर मिळतो आणि पगाराबरोबर सोडावा लागतो. २००१ च्या खानेसुमारींत गांवची लोकसंख्या ८९,९९५ होती; २०११ त ती ८९,४५२ भरली. एवढ्यावरून गांव ओसरलें असें कोणी म्हणूं नये; तथापि सारा देश वाढत असतां येथील आंकडा जागींच थांबावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे. राजाच्या पदरीं असलेली वस्ती राजाबरोबर उठली; धंद्याच्या पदरीं असलेल्या वस्तीला तें भय मुळींच नाहीं, असें कसें म्हणावें?

किल्ल्याची डागडुजी व्हावी हें योग्यच. परंतु जुन्या मातीच्या घरांची वेळींच कोणी नोंद केली नाहीं, तसें चाळींचें व क्वार्टरांचें होऊं नये. त्यांचे नकाशे, छायाचित्रें आणि तेथें वाढलेल्या वृद्धांच्या आठवणी आजच टिपून ठेवल्या, तर पुढील पिढीला बल्लारपूरचा इतिहास केवळ तटबंदीवरून ओळखावा लागणार नाहीं.