‘मेतानोएइते’ : एका ग्रीक क्रियापदाचा इतिहास

मत्तयाच्या शुभवर्तमानात (४:१७) येशूच्या उपदेशाची सुरुवात एका आज्ञेने होते. मराठी बायबलमध्ये तिथे ‘पश्चात्ताप करा’ असे आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘मेतानोएइते’. या शब्दाच्या अर्थावरून सोळाव्या शतकात युरोपात मोठा वाद झाला. तो समजण्यासाठी आधी लॅटिन भाषांतर पाहावे लागेल.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर सुधारले. त्यात या ठिकाणी ‘पेनितेन्तियाम आगिते’ असे शब्द आहेत. ‘पेनितेन्तिया’ म्हणजे अनुताप. पुढे मात्र चर्चमध्ये एक विधी रूढ झाला: धर्मगुरूपुढे पापांची कबुली, त्याच्याकडून क्षमा आणि त्याने नेमून दिलेली भरपाई. या विधीचे नावही ‘पेनितेन्तिया’च. त्यामुळे मध्ययुगीन वाचकाला त्या वचनात ‘प्रायश्चित्त घ्या’ असे सहज ऐकू येई. भरपाईतून सूट देणारी दंडमाफीपत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहिला नाही.

लॉरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने पंधराव्या शतकात लॅटिन पाठ ग्रीकशी ताडून पाहिला होता. त्याची टिपणे इरॅस्मसला १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात सापडली आणि त्याने ती पुढच्याच वर्षी छापली. १५१६ मध्ये बाझलच्या फ्रोबेन छापखान्यातून इरॅस्मसचा स्वतःचा ग्रीक नवा करार निघाला. ‘मेतानोएइते’चा अर्थ शुद्धीवर येणे, मन ताळ्यावर आणणे असा घ्यावा, असे त्याच्या टिपणांचे सुचवणे होते.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ प्रबंधांची सुरुवात याच वचनाने केली. श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असे पहिला प्रबंध म्हणतो. आणि धर्मगुरूंकडून होणारा विधी हा त्या वचनाचा अर्थ नव्हे, असे दुसरा. मे १५१८ मध्ये आपले गुरू स्टाउपित्झ यांना लिहिलेल्या पत्रात, एकेकाळी कडू वाटणारा हा शब्द आता गोड वाटू लागल्याचे त्याने कळवले आणि ग्रीक जाणणाऱ्या विद्वानांचे ऋणही मान्य केले. पण घाई करू नका: एका शब्दाने धर्मसुधारणा घडवली, असे परीक्षेत लिहाल तर मी गुण कापीन. त्याच पत्रात स्टाउपित्झच्या उपदेशाचे श्रेय आधी येते, ग्रीकचे नंतर.

आणखी एक सावधगिरी. ‘मेता’ म्हणजे नंतर, ‘नूस’ म्हणजे मन, अशी फोड करून अर्थ काढायचा मोह होतो. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना सुटे भाग जोडून यंत्र तयार होते असे वाटते, म्हणून तो जरा जास्तच होतो. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासातील याच सवयीवर कठोर टीका केली. व्युत्पत्ती वेगळी, वापर वेगळा. ज्यू लोकांनी हिब्रू ग्रंथांच्या केलेल्या ग्रीक भाषांतरात हे क्रियापद बहुधा खेद वाटणे, विचार बदलणे यासाठी येते. म्हणजे अनुतापाचा अर्थ लॅटिनने पदरचा घातलेला नव्हता. अडचण झाली ती त्याच शब्दाला चिकटलेल्या विधीमुळे.

आता आपापल्या भाषेचे बायबल उघडा. हिंदीत ‘मन फिराओ’ आहे, तमिळमध्येही मन वळवण्याचाच शब्द, मल्याळममध्ये ‘मानसांतर’. मराठीत ‘पश्चात्ताप’, म्हणजे मागाहून होणारा ताप. तुमच्या भाषेतला शब्द लिहून काढा आणि बायबलबाहेर, रोजच्या बोलण्यात तो कुठे येतो, ते शोधा.