पावसाच्या वाटेचा शोध

आंबोलीच्या घाटात वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून दोन तासांवरच्या बेळगावात तो जेमतेम १३०० वर येतो, आणि पूर्वेला अथणीकडे गेलो तर ६०० देखील भरत नाही. पाणी एकाच समुद्राचे, वाराही एकच. घाट चढताना हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होऊन ते तिथेच सांडते. माथा ओलांडून उतरताना तीच हवा तापते नि कोरडी होते. फळ्यावर ही आकृती मी इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही काढता येईल. कन्नडमध्ये 'मले' म्हणजे डोंगर आणि 'मळे' म्हणजे पाऊस. आमच्या मराठी मुलांना हे ऐकून हसू येते, कारण त्यांचे मळे निराळे! पण डोंगर आणि पाऊस यांचा शेजार इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितला गेला असेल.

मात्र या आकृतीत एक प्रश्न सुटत नाही. डोंगर दरवर्षी तेवढाच उंच असतो. मग एखाद्या वर्षी पाऊस का फिरकत नाही?

हा प्रश्न सरकारदरबारी नेटाने विचारला गेला तो भुकेपोटी. १८७६ साली कलादगी (म्हणजे आजचे विजापूर-बागलकोट), बेळगाव, धारवाड, सोलापूर या जिल्ह्यांत पावसाने दगा दिला. १८७७ साली तर देशाच्या मोठ्या भागात तो कमी पडला. ब्रिटिश मुलखात मेलेल्यांची संख्या ५० लाखांच्या पुढे गेली असे मानले जाते. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरे, असे रिचर्ड टेंपलने ठरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे ठेवली, ही आपल्या लोकांची त्या काळातली मोठीच कामगिरी म्हटली पाहिजे.

हवामान खाते त्याआधीच, १८७५ साली निघाले होते; १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ चे हुकलेले पावसाळे ही त्याची कारणे. जमीन तापते, समुद्र तितका तापत नाही, म्हणून वारे वाहतात, हे एडमंड हॅलीने १६८६ मध्येच मांडले होते. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी त्याला हिमालयाची जोड दिली. बर्फ जास्त पडले, उशिरापर्यंत राहिले, तर जमीन नीट तापत नाही आणि पाऊस रोडावतो, असा त्यांचा कयास. त्यावरून १८८६ पासून अंदाज निघू लागले. त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि छप्पनचा दुष्काळ आला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचा गणिती, बूमरँगचा शौकीन, हवामानाचे शिक्षण शून्य. पण त्यांनी जगभरचे हवेचे दाब मागवले आणि हिंदी कारकुनांकडून आकडेमोड करून घेतली. पॅसिफिकच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोपाळा त्यांना त्यात दिसला. या खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर आजही त्या जागेला 'सिमला ऑफिस' म्हणतात.

झोपाळ्यामागचे कारण १९६९ साली याकोब ब्येर्कनेस यांनी उलगडले. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले की सुमारे ६०० कॅलरी उष्णता हवेत मोकळी होते. म्हणजे बाष्प हे वाऱ्याचे जळणच. इंडोनेशियाजवळच्या कोमट समुद्रावर हवा उसळते ती याच जळणावर. एल् निनोच्या वर्षी कोमट पाणी पूर्वेला सरकते, भट्टीही सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली बसून ढगांना दाबते. १८७७ साली पॅसिफिकमध्ये असाच प्रचंड एल् निनो होता.

म्हणून कोडे सुटले असे नाही. १९९७ साली एल् निनो प्रचंड, तरी पाऊस सरासरीहून किंचित जास्त! १९९९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हिंदी महासागराचाही असाच एक झोपाळा दाखवून दिला. त्याचा पश्चिमेकडचा, म्हणजे आपल्याकडचा भाग कोमट असला की तो एल् निनोचा मार थोडा झेलतो.

तरीही सगळे हिशेब शेवटी सरासरीत येतात. २०२३ मध्ये देशात ९४ टक्के पाऊस झाला, आणि कर्नाटकाने त्याच वर्षी २०० हून अधिक तालुके दुष्काळी जाहीर केले. रोहिणी सरली, मृग लागला, की तूर आज पेरावी की आठ दिवस थांबावे हे अथणीच्या शेतकऱ्याला ठरवायचे असते. हंगामाच्या टक्केवारीत त्या आठ दिवसांचे उत्तर नसते.