त्याच इंजिनातून जादा अश्वशक्ती

फियाटने विकसित केलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन भारतातील अनेक कंपन्यांच्या मोटारींत बसले. मारुती स्विफ्टमध्ये त्याची शक्ती ७५ पीएस होती, एर्टिगामध्ये ९० पीएस. सिलिंडर चारच, घनक्षमता १२४८ सीसी हीच. फरक होता तो मुख्यतः टर्बोचार्जरच्या प्रकारात आणि इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला दिलेल्या आज्ञांत. कारखान्यातच एका इंजिनाची ताकद दोन पातळ्यांवर ठेवता येत असेल, तर ती बाहेर का वाढवता येऊ नये, हा प्रश्न मोटारप्रेमींना पडणे स्वाभाविक आहे. या कामाला ‘ट्यूनिंग’ म्हणतात. एखाद्या विशिष्ट गाडीची मोजमापे घेऊन तिच्यापुरते ते केले, की ते ‘कस्टम ट्यूनिंग’ ठरते.

हा छंद नवा नाही. कार्ब्युरेटरच्या काळात जेट बदलणे, सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, वेगळा कॅमशाफ्ट बसवणे ही कामे निष्णात मेकॅनिक हाताने करीत. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या शर्यती होत. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी तर मारुतीच्या छोट्या इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची मोटारच उभी केली. पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागले, कार्ब्युरेटर मागे पडले आणि पान्ह्याची जागा लॅपटॉपने घेतली.

इंजिनाची शक्ती शेवटी हवेवर ठरते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्त इंधन ओतणे सोपे. जास्त हवा भरणे अवघड. टर्बो नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबावर अवलंबून असते. म्हणूनच सुमारे १३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला अशी गाडी मुंबईच्या तुलनेत दहा-बारा टक्के शक्ती गमावते. या गाड्यांत केवळ संगणकाची फाइल बदलून फार काही हाती लागत नाही. दहा टक्के वाढ मिळाली तरी पुष्कळ. टर्बो असलेल्या इंजिनात मात्र हवेचा दाब वाढवण्याची आज्ञा देता येते व तेथे वीस ते तीस टक्क्यांची वाढ सर्रास दिसते. ट्यूनिंगच्या जाहिरातींत टर्बो गाड्याच का झळकतात, याचे उत्तर यातच आहे.

संगणकातील ‘मॅप’ म्हणजे आकड्यांचा तक्ता. इंजिनाचे फेरे किती आणि त्यावर भार किती, हे पाहून कोणत्या क्षणी किती इंधन सोडायचे, ठिणगी किती अंश आधी पाडायची, टर्बोने किती दाब द्यायचा, हे त्या चौकटींत लिहिलेले असते. कंपनी हे आकडे राखून ठरवते. राजस्थानचा उन्हाळा, लडाखची विरळ हवा, भेसळीचे इंधन आणि सर्व्हिसिंग टाळणारा मालक, या सगळ्यांतून इंजिन तगले पाहिजे, असा तो हिशेब असतो. ट्यूनर या राखीव भागातूनच शक्ती काढतो. ती फुकट मिळालेली नसते, एवढे ग्राहकाने समजून घेतलेले बरे.

तयार फाइल चढवणे अर्ध्या तासाचे काम आहे. कस्टम ट्यूनिंगला वेळ लागतो. गाडी डायनोच्या रोलरवर चढवून आधी मूळ शक्ती मोजतात. धुरातील ऑक्सिजन, टर्बोचा दाब, तापमान यांची नोंद घेत मॅपमध्ये थोडा बदल, पुन्हा फेरी, पुन्हा बदल, असे चालते. पेट्रोल इंजिनात खरी भीती नॉकिंगची. ठिणगी फार आधी पडली किंवा दाब फार चढला, तर मिश्रण वेळेआधी आपोआप भडकते आणि पिस्टनला तडे जाऊ शकतात. ९१ ऑक्टेनच्या इंधनावर जो मॅप धोकादायक, तो इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर निर्धोक ठरू शकतो. पण मग प्रवासात प्रत्येक पंपावर ते मिळेलच, याची खात्री कोण देणार?

डायनोचा कागदही डोळे उघडे ठेवून वाचावा. चाकांवर मोजलेली शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी भरते, त्यामुळे एका कागदावरील आकडा कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून उपयोग नाही. तुलना करायची ती त्याच रोलरवरील आधीच्या व नंतरच्या फेरीची. शिवाय शक्ती आणि टॉर्क वेगळे. स्विफ्टच्या १९० न्यूटन-मीटर टॉर्कला २००० फेऱ्यांनी गुणून ७०२३ ने भागले, तर त्या क्षणी शक्ती जेमतेम ५४ पीएस येते. वाढीव टॉर्कचा पहिला फटका क्लचला बसतो, नंतर गिअरबॉक्सला.

दोन-तीन हजार रुपयांच्या ‘ट्यूनिंग बॉक्स’बाबत सावध राहिलेलेच चांगले. असा डबा इंधनाच्या दाबाचे खोटे आकडे संगणकाला दाखवून जादा डिझेल सोडायला लावतो. काळा धूर हा त्याचा पुरावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हाच धूर अडवणारे फिल्टर तुंबते, आणि मग ते काढून टाकण्याचा सल्ला देणारेही भेटतात.

कायद्याची बाजू अनेकांच्या गावी नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला अटींसह मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा बदल बहुधा उघड होत नाही, कारण ती इंजिन भाराविना ठेवून होते. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक मात्र अधिक बारकाईने पाहतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा अडकवू शकतो.

वॉरंटीचेही तसेच. काही गाड्यांच्या संगणकात नवी फाइल किती वेळा चढवली, याची मोजणी राहते. सर्व्हिस सेंटरला नेण्यापूर्वी जुनी फाइल परत घातली, तरी ती मोजणी पुसली जातेच असे नाही.