घाटी, घाट आणि बँकर

छत्रपती संभाजीनगरात ‘घाटीला चला’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. घाटी म्हणजे सरकारी दवाखाना, 1956 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचा. हाच शब्द घेऊन इथला पोरगा नोकरीसाठी मुंबईला जातो, आणि तिथं कुणीतरी त्यालाच ‘घाटी’ म्हणून मोकळं होतं. मुंबईच्या तोंडी घाटी म्हणजे घाटावरून खाली आलेला. म्हणणाऱ्याचे आजोबाही बहुधा त्याच घाटानं उतरलेले असतात, पण ते सोडा.

घाट या शब्दाचं मूळ संस्कृत ‘घट्ट’ मध्ये सांगतात: नदीकाठी पाण्यात उतरायची जागा. पैठणचा नागघाट हा असा घाट. पण कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट, जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा, हाही घाटच. एकीकडे पायऱ्या आणि गोदावरी, दुसरीकडे वळणं आणि खानदेश. दोन्हीकडे काम एकच, वरून खाली नेण्याचं. बारा घाटांचं पाणी प्यायलेला माणूस नदीवरचा. लग्नाचा घाट घातला जातो तो मात्र वेगळ्या घराण्यातला, ‘घडणे’चा भाऊबंद.

म्हणजे घाट ही वाट आहे, डोंगर नव्हे. मराठवाड्यात याची साक्ष देणारं नावच आहे: बालाघाट. ‘बाला’ हा फारसी शब्द, अर्थ ‘वर’. वऱ्हाडात बालाघाट आणि पायनघाट अशी जोडीच होती, घाटाच्या वरचा मुलूख आणि खालचा मुलूख. घाट मधला, वर-खाली मोजण्याचा. इंग्रजांनी मात्र वाटेचं नाव अख्ख्या पर्वताला चिकटवलं आणि सह्याद्रीचा ‘वेस्टर्न घाट्स’ झाला. आता आपणही बिनदिक्कत ‘पश्चिम घाट’ लिहितो. ही उलटी आयात मला अजून खुपते.

रेल्वेनं नकळत शब्द पुन्हा वाटेवर आणला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीनं 1863 मध्ये खंडाळ्याची आणि 1865 मध्ये कसारा ते इगतपुरी ही थळ घाटाची चढण खुली केली. कंपनीच्या कागदांत दोन्हींना ‘इन्क्लाइन’ म्हटलं आहे. तो शब्द मराठीत रुजला नाही, रुजायची गरजही नव्हती. थळ घाटात सुमारे 15 किलोमीटरांत गाडी जवळपास 300 मीटर चढते. चढ 37 ला 1. मनमाड ते तेव्हाचं औरंगाबाद ही निजामाची मीटरगेज 1900 च्या सुमारास आली आणि मुंबई गाठायची तर मनमाडला गाडी बदलून हाच घाट उतरणं इथल्या माणसाच्या नशिबी आलं. पुढं ब्रॉडगेज झालं, गाडी बदलणं सुटलं. घाट तोच राहिला.

मुंबईहून परतताना तपोवन एक्सप्रेस कसाऱ्याला थांबते. मागच्या डब्यातल्या लोकांना एक हलका धक्का बसतो आणि कुणीतरी जाणकार सांगतो, ‘बँकर लागला.’ चढावर मागून रेटणारं हे जादा इंजिन. पैशांच्या बँकेशी त्याचं देणंघेणं नाही. इंग्लंडातले रेल्वेवाले चढाला ‘बँक’ म्हणतात. बर्मिंगहॅमजवळची 1840 ची लिकी चढण 37.7 ला 1, म्हणजे आपल्या घाटाहून किंचित सौम्य, आणि तिथंही मागून बँकर लावत. आता गंमत पाहा: इंग्रजीत बँक म्हणजे नदीचा काठ आणि चढणही. मराठीत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाटही. एकमेकींची ओळखदेख नसताना दोन भाषांनी पाणी आणि डोंगर एकाच शब्दात बसवले, आणि कसाऱ्याला घाटाच्या गाडीमागं बँकर लागला तेव्हा ते दोन्ही शब्द एका रुळावर आले.

सगळेच शब्द असे साहेबाचे नव्हते. 1930 च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. दोन्हीकडे लांब नाकाडं, चालताना डुलणारी, उभी असताना विव्हळल्यासारखा आवाज काढणारी. युरोपात अशा घडणीच्या इंजिनांना ‘मगर’ म्हणत. आपल्याकडं त्यांना ‘खेकडा’ म्हटलं गेलं. मला खेकडा जास्त चपखल वाटतो; मगर काही डुलत चालत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. ती हाच 37 चा चढ मागच्या इंजिनाशिवाय चढते. त्यामुळं तिच्या प्रवाशांना बँकर हा शब्द ऐकायला मिळणार नाही. मालगाडीच्या गार्डाला विचारावा लागेल.